जांभई मॅडम

जांभई मॅडम समोरच्याच्या तोंडावर जांभई द्यायच्या. तोंडापुढे हात नाही, मान वळवणं नाही, चुटकी वाजवणं तर दूरच. जबडा निखळेल एवढा आ करायचा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो तसाच ठेवायचा आणि शेवटी ‘हाऽऽ’ करून लांबलचक सूर सोडायचा. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये, पालकसभेत, परीक्षेच्या दिवशी फाटकाशी उभं राहून, कुठेही. माझ्या आईने अशा पोरीच्या पाठीत धपाटा घातला असता. आमच्या शाळेने त्यांना त्यासाठी पगार दिला.

त्या शाळेच्या समुपदेशक होत्या. खरं नाव खरात मॅडम. सोयगावच्या. इथल्याच विद्यापीठातून मानसशास्त्रात एम. ए. केलेलं, पण बोलणं ऐकून कुणाला खरं वाटलं नसतं. पेपराआधी एखादं मूल पांढरंफटक पडून दारात उभं राहिलं की या त्याच्यापुढे जाऊन आधी जांभई द्यायच्या. मूल चमकायचं, मग त्याचंही तोंड उघडायचं, मग मागच्याचं. बघता बघता अख्खी रांग आ करून उभी. एकदा मी त्यांना म्हटलं, “मॅडम, साधं ‘मोठा श्वास घे’ म्हणता येत नाही का?” तर म्हणाल्या, “घाबरलेल्या लेकराला श्वास घे म्हणलं का ते आणखी घाबरतंय. त्याला वाटतं, आता श्वासाचा बी पेपर हाय. जांभई शिकवावी लागत नाय, ती आपसूक लागते.” एवढं बोलून त्यांनी जांभई दिली आणि मलाही आली. मी ती दाबली. डोळ्यांत पाणी आलं, पण दाबली.

मी त्याच शाळेत गणित शिकवते. वीस वर्षांहून जास्त झाली. माझ्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू येते, असं मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, पाहुण्यांना सांगतात. तेव्हा हे आधीच सांगून टाकते की मी खरात मॅडमवर जळत होते. अजूनही जळते, पूर्वीपेक्षा थोडी कमी. आम्हा दोघींना एका स्टाफरूममध्ये पाहिलेली माणसं हे वाचतील, त्यांच्यापुढे साव कशाला व्हायचं?

जळायला कारणही होतं. माझी मुलगी जुई आमच्याच शाळेत दहावीला होती. सहामाहीच्या गणिताच्या पेपरात तिने नाव लिहिलं, समास आखला आणि बाकी उत्तरपत्रिका कोरी ठेवली. त्यानंतर सकाळ झाली की तिच्या पोटात दुखायचं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, सगळं नॉर्मल. दृष्टसुद्धा काढून झाली. पुष्कळदा ती शाळेच्या फाटकापर्यंत यायची आणि स्कुटीवरून उतरायचीच नाही. बोर्डाच्या परीक्षेला ही बसणार की नाही, हा घरात एकच प्रश्न होता. माझ्या मनात त्याच्याखाली आणखी एक होता. माझ्या मुलीला नेमकं काय होतंय, ते ती मला का सांगत नाही?

कारण जे सांगायचं ते ती खरात मॅडमना सांगत होती.

त्यांची खोली म्हणजे पूर्वीची खेळाचं सामान ठेवायची खोली. बाहेर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी, आत फुटबॉल आणि जुन्या गाद्यांचा वास. तो वास त्यांनी कधी घालवला नाही. मधोमध सतरंजी, तिच्यावर वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रावर मेथीची जुडी. मेथी नसली तर शेपू, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा. मूल आलं की त्याला काय झालं, का झालं, काही विचारायचं नाही. अर्धी जुडी त्याच्यापुढे सरकवायची. “तोंडाकडं बघितलं का लेकरू उत्तर हुडकतं. भाजीकडं बघितलं का बोलतं,” हे त्यांचं शास्त्र. मी स्टाफरूममध्ये म्हणायचे, “बरंय, पगार शाळेचा आणि भाजी फुकटात निवडून मिळते.” सगळे हसायचे. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्याही हसल्या. “फुकट कुठं? निम्मी मेथी लेकरं काड्यांसकट टाकत्यात. रोज घरी पुन्हा निवडायलेय मी.”

शाळेचे वॉचमन चाचा कुणाबद्दल सहसा चांगलं बोलत नाहीत. ते मला एकदा म्हणाले, “मॅडम, वो कमरे में जाको बच्चा हलका होको आता.” मी म्हटलं, “चाचा, आणि माझ्या वर्गातून?” ते म्हणाले, “आपके क्लास से सीधा होको आता.” यात कौतुक किती आणि काय ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दोष हवे असतील तर होते, आणि मी ते मोजून ठेवले होते. त्या वेळेवर येत नसत. ‘नळ आला होता’ हे कारण आमच्या शहरात कुणालाही पुरतं, कारण पाणी आठवड्यातून एकदा येतं. पण खरात मॅडमचा नळ आठवड्यातून तीनदा यायचा. परिपत्रकांवर सही करायला विसरायच्या. शिपायापासून शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांशी एकाच सुरात बोलायच्या. आणि भित्र्या होत्या. मुलांना भीती घालवायला शिकवणारी बाई स्वतः माइकपुढे उभी राहिली की थरथरायची.

प्रजासत्ताक दिनाला मोठ्या सरांनी त्यांना परीक्षेच्या ताणावर बोलायला सांगितलं होतं, आणि त्यांच्यानंतर मला, अभ्यासाच्या नियोजनावर. मी भाषण पाठ केलं होतं. त्या माइकपाशी गेल्या आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाल्या, “लेकरांनो, माझे पाय बघा. लटलट करायलेत. पुढच्या रांगेतल्यांना दिसायलंय का?” पुढची रांग म्हणाली, “होऽऽ.” “मागच्यांनो, तुमी बी वाकून बघा. थांबतेत का बघू. नाय थांबले तरी मी बोलणारच हाय.” सगळं मैदान माना वाकवून त्यांच्या पायांकडे पाहत राहिलं. त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही, त्यांना स्वतःलाही आठवत नसेल. शेवटी एक पोरगं ओरडलं, “मॅडम, थांबले!” आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर माझं भाषण झालं. न अडखळता झालं. ऐकलं कुणीच नाही.

पण खरी कळ मला आली ती एका बुधवारी. त्यांनी दहावीच्या भित्र्या मुलांसाठी एक तास सुरू केला होता, ‘चुकायचा तास’. त्यात बरोबर उत्तर दिलं की खाली बसायचं, डाव गेला. उभं राहायचं असेल तर चूक उत्तर द्यायचं, आणि तेही ठणकावून. खोली नेमकी माझ्या वर्गाला लागून. मी इकडे त्रिकोणमिती शिकवतेय आणि भिंतीपलीकडून आरोळ्या : “आठ साते चोपन्न!” “भारताची राजधानी फर्दापूर!” “पाणी उकळतं चिकलठाण्याला!” माझी मुलं वह्यांत तोंडं खुपसून खिदळत होती. मी खडू ठेवला आणि तरातरा दाराकडे निघाले, चांगलं सुनावायचंच म्हणून. आणि त्या गोंधळातून एक हसणं ऐकू आलं. पोट धरून, मध्येच श्वास अडकून हुंदक्यासारखा आवाज करणारं. ते जुईचं हसणं होतं. घरात ते मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

मी दारातच थांबले. आईला आनंद व्हायला हवा की नाही? मला झाला नाही. जे मी दूध-बदाम, नवस, डॉक्टर आणि इतक्या समजुती घालून मिळवू शकले नाही, ते या बाईने चुकीच्या पाढ्यांवर मिळवलं होतं.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी माझ्याकडे न पाहता मेथी सरकवली.

“मी भाजी निवडायला आले नाही,” मी म्हटलं. “जुई तुम्हाला काय सांगते, ते मला कळायला हवं. मी तिची आई आहे.”

“व्हय, हाव की तुमी आई,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर सांगत नाय. तिनं सांगितलं तर ते तुमचं. मी सांगितलं तर चोरीचं.”

“परीक्षा तोंडावर आलीय, मॅडम. ती बसली नाही तर?”

“तर पुढच्या खेपेला बसंल.”

“तुमचं काय जातंय म्हणायला!”

हे मी बरंच मोठ्याने म्हटलं असणार, कारण बाहेर पायरीवर डबे खाणाऱ्या मुली गप्प झाल्या. खरात मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “जातंय की,” एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा खाली मान घालून पानं खुडू लागल्या. मग काय करावं ते न सुचून मीही बसले आणि रागारागाने एक जुडी निवडली. बोलले मात्र एक अक्षर नाही. मी काय शाळकरी पोर होते की भाजी हातात दिली आणि मन मोकळं झालं? उठताना त्या म्हणाल्या, “तुमची मेथी चांगली हाय, मॅडम. एक काडी नाय.” यावरही मला रागच आला.

तरी एक खरं, की जुई हळूहळू स्कुटीवरून उतरू लागली. आधी फक्त त्या खोलीपर्यंत, मग वर्गापर्यंत. पूर्वपरीक्षेचे काही पेपर तिने दिले, काही अर्धे टाकून आली. गणिताच्या दिवशी गेलीच नाही. बोर्डाच्या वेळी मराठी, हिंदी, इंग्रजी असे एकेक पेपर पार पडले. दर पेपरला खरात मॅडम केंद्राच्या फाटकाशी हजर असायच्या. जुई माझ्या स्कुटीवरून उतरायची, थेट त्यांच्याकडे जायची, दोघी एकमेकींच्या तोंडावर आ करायच्या आणि ती आत जायची. मी हेल्मेट हातात धरून बाजूला उभी. माझ्याकडे वळून हात करायची, नाही असं नाही. पण तो रिक्षावाल्यालाही करतात तसाच.

मग आलं गणित. आदल्या दिवशी दुपारी खरात मॅडमचा जुईला फोन आला. उद्या त्यांना यायला जमणार नाही, घरचं काम निघालंय. जुईचा चेहरा पडला. संध्याकाळी ती जेवली नाही. मला संताप आला, की मुलीला इतकं स्वतःवर विसंबून ठेवायचं आणि ऐन वेळी हात काढून घ्यायचा? आणि संतापाखाली, खोटं कशाला बोलू, एक गारवाही वाटला. उद्या फाटकाशी मी एकटीच असणार होते.

केंद्र जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडे. जुईचे बाबा तिथल्याच एका कंपनीत. त्यांची सकाळची पाळी होती. घरून दही-साखर खाऊन निघालो. सकाळपासून आत्या, मावश्या, काकवांचे फोन : “गणित आहे ना आज? घाबरू नको हं!” ज्यांना ती घाबरलीय हे माहीत नव्हतं, त्यांनाही मी फोन उचलून उचलून कळवलं होतं. वाटेत सवयीने माझ्या तोंडून निघालं, “वर्गसमीकरणाचं सूत्र म्हण पाहू.” मागून तिने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

फाटकाशी ती उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली. हात हातात घेतला तर बर्फ. ओठ पांढरे. म्हणाली, “आई, घरी जाऊ. मला नाही जमणार.” मुलं आत जात होती. पालक ‘बेस्ट लक, बेस्ट लक’ करत होते. पहिली घंटा झाली. मी जांभई देऊन पाहिली. ती आलीच नाही. आ केलेलं कोरडं तोंड तेवढं उघडं राहिलं. इतकी वर्षं हजारो मुलांना परीक्षेला बसवलेली मी, आणि माझ्याजवळ सांगायला एक वाक्य नव्हतं. मग मी जे होतं ते म्हटलं.

“जुई, मला खूप भीती वाटतेय गं.”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“तुला कसली भीती?”

“तू मला कधीच काही सांगणार नाहीस, याची. पेपर राहू दे, मसणात जाऊ दे. पण तू त्यांना सांगतेस आणि मला नाही.”

केंद्राच्या फाटकाशी, शंभर लोकांत, हे बोलायची ती वेळ नव्हती. पण बोलून गेले. जुई म्हणाली, “आई, तुझ्याबद्दलच तर सांगायचे. गणिताच्या मॅडमची मुलगी गणितात नापास झाली, तर तू स्टाफरूममध्ये कशी बसशील? सगळे तुला काय म्हणतील? पेपर समोर आला की मला गणितं दिसायचीच नाहीत. तू खुर्चीवर मान खाली घालून बसलेली दिसायचीस.”

म्हणजे इतके महिने त्या खोलीत माझ्याविषयीच बोलणं चाललं होतं. आणि मी भिंतीपलीकडे दात-ओठ खात बसले होते.

मी म्हटलं, “मी ताठ बसेन. कुणी काही म्हणालं तर मला बोलता येतं, माहितीय ना तुला?”

ती हसली. थोडंसंच. म्हणाली, “ते तर सगळ्या शाळेला माहितीय.” दुसरी घंटा झाली. तिने डोळे पुसले, माझेही पुसले, तिच्याच रुमालाने, आणि आत गेली.

मी वळले तर रस्त्याच्या पलीकडे, उसाच्या रसाच्या गाड्याच्या आडोशाला, एक बाई तोंडाला स्कार्फ बांधून उभी. आमच्याकडे उन्हात सगळ्याच बाया स्कार्फ बांधतात, कोण कुठली ते ओळखू येत नाही. पण शेजारी हिरवी स्कुटी होती, एक आरसा मोडलेली, शाळेत रोज माझ्या स्कुटीशेजारी लागणारी. मी गाड्या चुकवत रस्ता ओलांडला.

“तुम्हाला काम होतं ना?”

खरात मॅडमनी स्कार्फ खाली केला. घामाने चेहरा भिजला होता. “काम कसलं? मी गेटावर असते तर ती माझ्याकडं आली असती. तुमच्याकडं कवा आली असती?”

“आणि आत गेलीच नसती तर?”

“म्हणून तर घरी बसवंना. दूध उतू जाऊस्तोवर गॅसपाशी उभी होते, ते बी कळलं नाय. शेवटी आले.” आणि मग, फाटकाकडे बघत, “गेली ना आत? रडत गेली का हसत?”

“दोन्ही.”

“चांगलं झालं,” त्या म्हणाल्या आणि रसवाल्याला म्हणाल्या, “भाऊ, दोन दे. एकात बर्फ नको, या मॅडमचा घसा गाण्याचा नाय, ओरडण्याचा हाय.”

रस प्याले, पण गोड लागला नाही. मला हवी होती ती जागा मला मिळाली होती, आणि ती त्यांनी मागे सरकून दिली होती. भांडून मिळाली असती तर मी ती मिरवली असती. दिलेली जागा कशी मिरवायची? उपकार करणाऱ्यावर जळणं फार अवघड असतं. तरी मला ते बऱ्यापैकी जमलं.

जुई पास झाली. गणितात बेताचे गुण पडले. स्टाफरूममध्ये मी ताठ बसले आणि कुणी काही म्हणालं नाही, म्हणजे मी तोंड उघडायची वाट कुणी पाहिली नाही. त्याच जूनमध्ये खरात मॅडम सोयगावला परत गेल्या. आई एकटी होती, आणि त्या भागातल्या शाळांत त्यांना काम मिळालं होतं. निरोप समारंभात पोरं हमसून रडली. त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि नुसते हात जोडून बसल्या. मी आभार मानले. चांगले मानले, मोठे सर म्हणाले. जाताना खरात मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, “मुद्दाम मानले तुमी, पर मनापासून बी होते, व्हय ना?”

त्या खोलीत आता पुन्हा फुटबॉल आहेत. परीक्षेच्या दिवसांत एखादं मूल पाटी वाचून दार ढकलतं, आणि आत कुणी नाही हे बघून माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभं राहतं. मी त्याला बाकावर बसवते. मला काही फार येत नाही. मी नुसती जवळ बसते.

यंदा जुईची बारावी झाली आणि ती पुण्याला गेली. परवा दुपारी तिचा फोन आला. प्रवेश झाला होता. विषय कुठला घेणार, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. “आई, मानसशास्त्र घेतलंय,” ती म्हणाली. “खरात मॅडमसारखं व्हायचंय मला.” मी म्हटलं, “छान.” माझ्यासारखं व्हायचंय असं कुणी म्हणालं की कसं वाटतं, ते मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत कुणी म्हणालेलं नाही.

फोन ठेवला आणि मी थेट सोयगावला लावला. का लावला? त्यांना हे आधीच माहीत असणार, आणि ते त्यांच्याच तोंडून ऐकून एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकावा म्हणून.

“मॅडम, जुईचं कळलंच असेल तुम्हाला.”

“काय झालं? बरी हाय ना पोरगी?”

“मानसशास्त्राला प्रवेश घेतला तिने. तुम्हाला बोलली असेल.”

पलीकडे कुठेतरी कोंबडा आरवत होता.

“नाय,” त्या म्हणाल्या. “मला नाय बोलली.” आणि मग जरा घाईनेच, “चांगलं केलं. आईला आधी सांगावं. तसंच असावं. लई चांगलं केलं.”

एवढं पुन्हा पुन्हा सांगायची गरज नव्हती. तो आवाज मी ओळखला. ओढूनताणून मोठं केलेलं मन त्या आवाजात असतं आणि त्याखाली काहीतरी जळत असतं. माझ्याइतका तो कुणाला ओळखता येणार? क्षणभर मला बरं वाटलं. मग राहवलं नाही.

मी फोन ठेवून जुईला पुन्हा लावला. ती मेसमध्ये ताट घेऊन बसली होती.

“आधी सोयगावला फोन कर,” मी म्हटलं. “मग जेव.”

“अगं, करणारच होते संध्याकाळी. आत्ताच कशाला?”

“ताट झाकून ठेव. आत्ता कर.”